एका नवरीचे दोन मामा

माझ्या थोरल्या मुलीच्या लग्नात तिच्या पाठीशी दोन मामा उभे होते. माझ्या बायकोला भाऊ एकच आहे.

यात हसण्यासारखं काय आहे, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण आमच्या शिवाजी पेठेत ही गोष्ट निघाली की तालमीच्या कट्ट्यावरचे लोक पोट धरून लोळतात, आणि मी तिथून चाललो असलो तर मुद्दाम हाक मारून विचारतात, "काय ओ आण्णा, आज जागं हाय न्हवं?" माणसाच्या वयाची काही लाज? म्हणून एकदाचं सगळं जसं घडलं तसं सांगून टाकतो. शब्दन् शब्द खरा आहे. मी काही विसरत नाही.

मी विसरत नाही, हे कोल्हापुरात कुणालाही विचारा. त्या वेळी महाराजांना गादीवर बसून दोनेक वर्षं झाली होती, शाहूपुरीची पेठ नुकती कुठं वसत होती आणि तिथं माझं गुळाचं दुकान होतं. गुळाचा खडा जिभेवर ठेवला की तो कुठल्या गावच्या गुऱ्हाळातला, हे मी डोळे मिटून सांगायचो. (डोळे मिटून, हे शब्द लोकांनी पुढं माझ्यावर फार वापरले. असो.) चार वर्षांपूर्वी चाखलेला गूळ मला आठवायचा. अशा माणसाला कुणी म्हणावं, की बाबा, तू जे आठवतोयस ते घडलंच नाही? डोकं फिरणार नाही तर काय होईल?

तर तानीचं, म्हणजे माझ्या थोरलीचं, लग्न वैशाखात ठरलं. आमच्यात रीत अशी, की लग्नाची पहिली अक्षत अंबाबाईला आणि दुसरी नवरीच्या मामाला. मामाची अक्षत दुसऱ्या कुणाच्या हातून पाठवायची नाही. नवरीच्या बापानं स्वतः चालत जायचं, मामाच्या कपाळाला कुंकू लावायचं, मामीसाठी चोळीचा खण द्यायचा, हातात नारळ ठेवायचा आणि "मामाचा मान तुमचा" म्हणून हात जोडायचे. मग मामानं पिवळं लुगडं आणायचं आणि तेच नेसून पोरीनं बोहल्यावर उभं राहायचं. पाठीशी मामा उभा. मामा नाही तर लुगडं नाही, आणि लुगडं नाही तर लग्न नाही.

माझा मेहुणा गणपा पंचगंगेच्या पलीकडं वडणग्याला राहतो. दीड-दोन कोसांची वाट. माणूस वाईट नाही, पण ताटात मीठ कमी पडलं तरी ते आपल्यालाच मुद्दाम कमी वाढलं असं समजणारा. बायकोनं मला तीन-तीनदा बजावलं, की बाकी कुणाचं राहिलं तर चालंल, माझ्या भावाचं राहता कामा नये. मी म्हटलं, अगं, मी सांगतोय ना.

ठरल्या दिवशी सकाळी अंबाबाईला अक्षत देऊन आलो. देवीला पुरणाचा नैवेद्य होता. चार पोळ्या खाल्ल्या. (बायको सहा म्हणते. चार.) वर वाटी-वाटी कटाची आमटी प्यालो आणि तांबडी पिशवी घेऊन भर दुपारी निघालो. पिशवीत नारळ, पानसुपारी, कुंकवाचा करंडा, तांदळाच्या अक्षता, हिरवा तांबड्या काठाचा खण आणि माझ्या दुकानातला एक नंबरी गुळाचा खडा.

पूल ओलांडला. ऊन मी म्हणत होतं. पण त्या दिवशी वडणगं फार लवकर आलं. गणपा दारातच उभा होता. मला बघताच पुढं आला आणि चक्क माझ्या पाया पडला. (इथंच मला शंका यायला हवी होती.) मी त्याला कुंकू लावलं, खण दिला, नारळ दिला आणि म्हटलं, मामाचा मान तुमचा, सगळ्या भावकीला घेऊन यायचं, तुमच्याशिवाय पोरगी बोहल्यावर चढणार नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कट्ट्यावर सासरे दोरी वळत बसले होते. त्यांनी पिशवीतला गुळाचा खडा उचलला, तोंडात टाकला आणि थुंकले! "जावईबापू," म्हणाले, "ह्यात चुना जास्त पडलाय." मला! गुळातलं मला सांगतात! वडीलधारी माणसं, उलटून कसं बोलणार? पण मनात ठेवलं.

परत येताना वाटेतल्या वडाखाली जरा टेकलो. उठलो तेव्हा उन्हं कलली होती. पिशवी झटकून घडी घातली आणि घरी आलो.

बायकोनं दारातच गाठलं. गणपा काय म्हणाला, वहिनी कशी आहे, खण आवडला का, सगळं खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगितलं. गणपा पाया पडला म्हटल्यावर ती पदरानं डोळे पुसत म्हणाली, की बघा, माझ्या भावाला तुम्ही उगाच नावं ठेवता. सासऱ्यांची गोष्ट तेवढी मी गाळली. माझ्या गुळाला नाव ठेवलेलं मी माझ्या तोंडानं कशाला सांगू? मग तिनं नाक वर करून माझं उपरणं हुंगलं आणि विचारलं, "मेंढरात लोळलासा काय?" मी म्हटलं, असतील गणपानं मेंढरं पाळली, मी काय गोठा बघायला गेलो होतो?

दोन आठवडे गेले. हळदीचा दिवस उजाडला. मामानं हळदीला सकाळीच यायचं असतं. दुपार झाली, गणपा नाही. बायको दर घटकेला दारात जाऊन रस्ता बघून यायची. तेवढ्यात आमचे शेजारी मौलाभाई पिंजारी आले. गाद्यांचा कापूस पिंजायला ते गावोगाव हिंडायचे आणि त्या दिवशी नेमके वडणग्याहून आले होते. खांद्यावरची कमान खाली ठेवली, पाणी प्याले आणि म्हणाले, "आण्णा, गणपा तर घरातच बसलाय. म्हनतोय, अक्षतच आली न्हाय, तर जाऊ कसा?"

आता मला सांगा, एखाद्या माणसाच्या पाया पडायचं, नारळ घ्यायचा, खण घ्यायचा आणि वर म्हणायचं अक्षत आली नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हळद कांडणाऱ्या बायका, मांडव घालणारे गडी, पेठेतली चार शहाणी माणसं, सगळ्यांसमोर मी गणपाचा उद्धार केला. दार कसं होतं, तो कुठं उभा होता, कुठल्या हातानं नारळ घेतला, सगळं सांगितलं. बायको मध्ये पडून म्हणाली, की माझा भाऊ खोटं बोलायचा नाही. म्हणजे मी खोटं बोलतो? माझा तोल गेला.

"माज्यावर इस्वास न्हाय? मग तुज्या आबास्नी इचार! कट्ट्यावरच बसलं हुतं की दोरी वळत!"

मुसळं थांबली. मौलाभाईंनी पाण्याचा तांब्या हळूच खाली ठेवला. बायको माझ्याकडं वळली.

"अवं," ती म्हणाली, "आबा जाऊन तीन वरसं झाली. खांदा तुमीच दिलासा."

मी खांदा दिला होता, हे खरं. उजवा. तेही मला नीट आठवत होतं. मी काही विसरत नाही! पण एका वेळी दोन्ही गोष्टी आठवल्यावर माणसानं करायचं काय? वळायची दोरी होती, थुंकलेला गूळ होता, आवाज होता. आणि मढंही होतं. मी मांडवाच्या मेढीला धरून खाली बसलो. कुणीतरी मागून हसलं. बायको मात्र हसली नाही. ती रडायला लागली. "एकुलता येक भाऊ माजा," म्हणाली, "आन् त्याच्याबिगर माजी पोर उभी ऱ्हायाची." ते ऐकल्यावर मला माझीच अशी लाज वाटली, की सांगता सोय नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. (जेव्हा लागायला नको तेव्हा लागतो!) लग्न दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर. पहाटे नवी पिशवी भरून वडणग्याला निघालो. बायकोनं बरोबर मौलाभाईंना दिलं, मी वाटेत झोपू नये म्हणून. पन्नाशीला टेकलेला माणूस, पेठेत नाव असलेला, आणि त्याच्यामागं राखण! मी नुसती पापणी लववली तरी मौलाभाई पाठीत कमानीचं टोक टोचायचे. त्या वडाखालून जाताना तर त्यांनी माझा हातच धरला.

गणपा दारात नव्हता. पायाही पडला नाही. मी त्याच्यासमोर हात जोडून सगळं खरं सांगितलं, तर म्हणाला, म्हणजे मेलेल्या आबाच्या हातात गूळ दिलासा आणि जित्या मेहुण्याला विसरलासा. आता मी लुगडं कुठनं आणू, दुकानं कधी उघडणार? त्यानं अक्षत घेतली (अक्षत दारात आली की नाही म्हणता येत नाही), पण येतो म्हणाला नाही. "बगतो," म्हणाला. गणपाचं बघतो म्हणजे काय, हे आमच्या घरातल्या मांजरालाही माहीत आहे.

घरी परतलो तोवर पाय तुटले होते. मांडवात वऱ्हाड आलेलं. मुलाचे वडील पुन्हा पुन्हा विचारत होते, नवरीचे मामा कुठं दिसत नाहीत? तानी आत पाटावर बसून होती, जुन्याच लुगड्यात. मला बघून तिनं मान खाली घातली.

उन्हं उतरली आणि तालमीच्या बाजूनं ढोल वाजायला लागले. वऱ्हाडाचे नव्हते. धनगरी ढोल. वळणावरून माणसं आली, खांद्यावर घोंगड्या, डोक्याला तांबडे पटके, तीस तरी असतील. पुढं एक उंच, काळासावळा माणूस, कपाळाला भंडारा, हातात केळीच्या पानात गुंडाळलेलं काहीतरी. तो सरळ मांडवात शिरला आणि मला कडकडून भेटला.

"दाजी," तो म्हणाला, "मामा आला!"

मेंढरांचा वास नाकात गेला आणि मला माझं त्या दिवशीचं उपरणं आठवलं. मी म्हटलं, पावणं, तुमचं घर चुकलंय, मी तुम्हाला ओळखत नाही. त्यानं हसून बायकोकडं वळून "आक्का, रामराम" केला, आणि मग सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं. नाव त्याचं बिरू. त्या दुपारी त्याची मेंढरं वडाखाली बसली होती. मी येऊन आडवा झालो, घोरायला लागलो. थोड्या वेळानं उठून बसलो, त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात नारळ दिला.

"म्या म्हनलं, पावणं, तुमी चुकलासा, म्या त्यो न्हवं. तर हात जोडून म्हनलासा, मामाचा मान तुमचा, तुमच्याबिगर पोरगी बोहल्यावर चढायची न्हाय. घर इचारलं तर पेठ, तालीम, लग्नाची तिथ, समदं सांगितलासा. डोळं उघडंच हुतं की. अर्धं."

एवढं बोलून मी पुन्हा आडवा झालो म्हणे. त्याला वाटलं, दाजी दमला असेल, झोपू दे, आणि तो मेंढरं घेऊन पुढं गेला. गूळ? गूळ बकऱ्यानं खाल्ला. (थुंकला नाही. नीट विचारून घेतलं मी.)

मी काही म्हणणार, तोच बायकोचं लक्ष बिरूच्या मागं उभ्या असलेल्या बाईकडं गेलं. अंगात हिरवी चोळी, तांबडा काठ. तो खण बायकोनं स्वतः निवडला होता.

तरी मी म्हटलं, की अहो, झोपेत बोललेल्या शब्दाचं काय एवढं? यावर बिरूचा चेहरा उतरला. त्यानं केळीचं पान उलगडलं. आत पिवळं लुगडं होतं. दोन बकरी विकून आणलं होतं, असं त्याची बायको हळूच म्हणाली.

"मला भन न्हाय," बिरू म्हणाला. "आजपतूर मला कुनी मामा म्हनलं न्हाय. अक्षत आली तवा वाटलं, अंबाबाईनंच धाडली. पर चुकून आली असंल तर आमी जातो माघारी."

भटजी मुहूर्त टळतोय म्हणून घटिकापात्राकडं बघत होते. मी बायकोकडं बघितलं. ती पुढं झाली, त्याच्या हातातलं लुगडं घेतलं, कपाळाला लावलं आणि मुलाच्या वडिलांना ठणकावून म्हणाली, "माजा भाऊ आलाय. पोरीला भाईर आना."

तानी पिवळं लुगडं नेसून बोहल्यावर उभी राहिली, मागं बिरू, आणि अंतरपाट धरणार, एवढ्यात घामानं निथळत गणपा मांडवात शिरला. काखेत दुसरं पिवळं लुगडं! त्यानं आपल्या जागेवर उभ्या असलेल्या माणसाला खालपासून वरपर्यंत बघितलं.

"ह्यो कोन?"

"आक्काचा भाऊ," बिरू म्हणाला. "तुमी?"

मग जे पेटलं ते विचारू नका. गणपा म्हणे, रक्ताचा मी. बिरू म्हणे, अक्षत आधी मला आली. धनगरांचे ढोल थांबले, वडणग्याच्या माणसांनी बाह्या सारल्या, भटजी पोथी घेऊन तुळशीमागं गेले. तानी रडकुंडीला आली. आणि मग, सांगायला संकोच वाटतो पण खरं तेच सांगतो, मी मध्ये उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी असं बोललो नव्हतो. मी म्हटलं, अरे, मामा म्हणजे पाठीशी उभा राहणारा माणूस, आणि पोरीच्या पाठीशी एक माणूस जास्त झाला म्हणून कुठल्या बापानं आजवर तक्रार केलीय? एकाचं लुगडं नेसेल, एकाचं पांघरेल. एक उजवीकडं उभा राहा, एक डावीकडं. आणि चूक कुणाची म्हणाल तर ती एकट्या माझी, मला दोघांनी काय ते बोला! गणपानं डोळे पुसले. बिरूनं त्याला मिठी मारली. दोघं दोन बाजूंना उभे राहिले आणि अक्षता पडल्या. मुलाकडची मंडळी तर म्हणत होती, मोठं घराणं दिसतंय, मामाच दोन आहेत.

तेव्हापासून भाऊबीजेला आमच्या घरी दोन पाट मांडतात. गणपा लाडू मोजून खातो, बिरू न मोजता. तानीच्या मुलानं पहिली घोंगडी पांघरली ती बिरूची. हे सगळं मी आता लिहून काढलं आणि परवा बायकोला वाचून दाखवलं, तिनं तरी एकदा म्हणावं की बरोबर आहे. ती तांदूळ निवडत शेवटपर्यंत ऐकत होती. भाषण आलं तेव्हा मात्र हात थांबला.

"अवं," ती म्हणाली, "अक्षता पडल्या तवा तुमी मांडवात कुटं हुतासा? म्या तर सगळीकडं हुडिकलं. घरामागं परड्यात गुळाच्या पोत्याला टेकून घोरत हुतासा."

मी तिच्यावर असा भडकलो, की पेठेला ऐकू गेलं असेल. पोरीच्या अक्षता मी पाहिल्या नाहीत? दोन मामा मी पाहिले नाहीत? मग गणपाचं आणि बिरूचं भांडण मिटवलं कुणी? ती म्हणाली, ते मला काय ठाऊक, मी पोरीला धरून उभी होते, त्या गलक्यात मला काही ऐकू आलं नाही, एकाएकी दोघं हसायला लागले एवढं खरं. मी तसाच उपरणं खांद्यावर टाकून निघालो आणि बिरूचा तळ गाठला. म्हटलं, तू साक्षीदार. भाषण झालं की नाही, बोल.

बिरूनं चिलीम बाजूला ठेवली. "झालं की, दाजी," तो म्हणाला. "शबूद अन् शबूद. परड्यातनं आवाज आला, आमी दोगांनी ऐकला. मोठ्यानं, झोपंत. चूक येकट्या माजी म्हनलासा, तवा गणपा बी हसाया लागला, म्या बी हसाया लागलो. मग काय भांडतोय?"

म्हणजे भाषण झालं, हे खरं. भांडण त्यानंच मिटलं, हेही खरं. दोन मामा, दोन लुगडी, पडलेल्या अक्षता, सगळं मी सांगितलं तसंच घडलं. फक्त मी तिथं नव्हतो.